राहिलेली हळद

नवसाबाईचं लग्न झालेलं नाही. आमच्या भावकीत हे वाक्य मी कुणासमोर म्हटलं तर ते आधी कान टवकारतील आणि मग माझ्यावरच डाफरतील, कारण नवसाबाई आणि मोतीराम आमच्या मळ्यातल्या खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीसेक वर्षं संसार करतायत. त्यांचा मुलगा कुंदन सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. दोघं कचाकचा भांडतात आणि पुन्हा एकाच ताटात जेवतात. तरी लग्न झालेलं नाही, आणि हे मला पहिल्यांदा नवसाबाईनेच सांगितलं होतं, तेही बाजारात भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. पूर्वी द्राक्षं होती, आता शेवंती, झेंडू आणि थोडा भाजीपाला. एका बाजूने इमारती चढत आल्यात. तिथले लोक बाल्कनीतून आमच्या शेवंतीचे फोटो काढतात आणि फवारणीचा वास आला की आमच्याच नावाने शंख करतात. मी नवी नवरी होते तेव्हा सुरगाण्याकडून छाटणीला टोळी आली, त्या टोळीत नवसाबाई होती. माझ्याच वयाची, पोट पुढे आलेलं, आणि हसली की हिरड्या दिसायच्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, ‘‘लग्नाला किती वर्षं झाली गं?’’

‘‘लगीन व्हायचंय अजून,’’ ती म्हणाली आणि कात्री चालवत पुढे गेली.

मी धावत घरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. आमच्या सासूबाई, तानुबाई, एरवी माझा पदर बोटभर घसरला तरी घर डोक्यावर घ्यायच्या. पण त्या दिवशी शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणाल्या, ‘‘त्यांच्यात असतं तसं. तू भाकरी टाक.’’

त्यांच्यात कसं असतं ते मग मला नवसाबाईने हळूहळू सांगितलं. मोतीराम तिला आठवडे बाजारात भेटला. पटलं. पाड्यातल्या जाणत्यांसमोर सुपारी फुटली आणि भर दुपारी डोक्यावर गाठोडं घेऊन ती त्याच्या घरी नांदायला गेली. हळद, मांडव, वाजंत्री, गावजेवण हे सगळं मागाहून, सवडीने, जमेल तेव्हा. तोवर कुणी नाक मुरडत नाही, पोराबाळांना कुणी काही म्हणत नाही. तिची थोरली बहीण आक्काबाई हिचा पहिला माणूस पिऊन मारायचा, तर तिने त्याला सोडलं आणि दुसरं घर केलं. जाणते बसले, बोलणं झालं, संपलं. माझी चुलतबहीण तशाच नवऱ्याबरोबर पंचवटीत आयुष्य काढतेय आणि दर संक्रांतीला हसऱ्या चेहऱ्याने वाण वाटते.

‘‘म्हणजे मोतीरामला तूच पसंत केलंस?’’ मी विचारलं होतं.

‘‘मग कोण करणार? नांदायचं मला व्हतं.’’

मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोललेच नाही. माझ्या लग्नात पाच दिवस घर गजबजलं होतं. नखशिखांत हळद लागली, हत्तीसारखं मिरवलं मला. पण मुलगा आवडला का, एवढा साधा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. सुचला असता तरी मी हो म्हटलं असतं, आमचे हे तसे बरे आहेत. पण विचारायला हवं होतं.

नवसाबाईला मात्र माझा हेवा वाटायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आधी तिचं लग्न राहिलं कारण मोतीरामचा धाकटा भाऊ मंगळू याचं ठरलं. मग सासरा वारला. मग घराचं छप्पर उडालं. दर वर्षी माणसं इकडे कामाला आणि लग्नाचा हंगाम तिकडे डोंगरात. पुढे दोघं आमच्याकडेच राखणीला कायमची राहिली आणि गाव लांब पडलं. राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल ती कुरकुरायची नाही. पण आमच्याकडे कुणाची हळद असली की ती दाराशी येऊन उभी राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. मला वाटायचं, मोठ्या घरात बुजतेय. एकदा मीच चिडून तिचा हात धरून ओढला आणि हळदीची वाटी तिच्या हातात दिली, तर विस्तव लागल्यासारखा तिने हात मागे घेतला.

‘‘आमच्यात नाय चालत, वहिनी. जिची राहिली तिनं दुसऱ्याच्या हळदीला हात लावायचा नाय.’’

त्या दिवशी विहिरीच्या कट्ट्यावर बसून ती भडाभडा बोलली. तिच्या पाड्यावर हळद कशी लावतात, म्हातारी बाई गाणी कशी म्हणते, नवरीला चार दिवस कुणी कामाला हात लावू देत नाही, पाणीसुद्धा हातात आणून देतात. ‘‘मी बारकी असल्यापून दुसऱ्याच्या शेतात राबते. मोतीरामच्या घरी गेले तर दुसऱ्या दिवशी रोपं लावायला गेले. मला कुणी मधी बसवलंच नाय, वहिनी. एकदा सगळ्यांनी मला मधी बसवावं, माझ्याकडं बघावं, असं लय वाटतं.’’ ती रडत नव्हती. तिचा चेहरा इतका उघडा पडला होता की मीच दुसरीकडे बघितलं.

मी तिला माझ्या परीने उपाय सांगितला. म्हटलं, नाशकात जाऊन नोंदणी करू, दोन सह्या, तीन साक्षीदार, मी येते. ती हसायला लागली. ‘‘सही करून काय व्हतं? तिथला साहेब मला हळद लावणार हाय का?’’ पुढे एका संस्थेने दिंडोरीला सामुदायिक विवाह काढले तेव्हा ती स्वतःहून तयार झाली, मोतीरामलाही तयार केलं, मी तिला पिवळी साडी आणून दिली. पण कुंदन तेव्हा आयटीआयला होता. पेपरात फोटो येईल म्हणून त्याने आकाशपाताळ एक केलं, आणि साडी ट्रंकेत गेली.

कुंदनचा मला राग येतो, पण त्याचं अगदीच चूक होतं असंही म्हणवत नाही. आश्रमशाळेत सगळी पोरं त्याच्यासारखीच होती, तिथे हा प्रश्नच आला नाही. कारखान्यात लागल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत तो सहज बोलून गेला की आईबापाचं लग्न राहिलंय. त्यानंतर कितीतरी महिने तिथली माणसं त्याला विचारायची, ‘‘काय कुंदन, बापाची पत्रिका कधी देतोस?’’ डोंगरात जे कुणाच्या गावीही नव्हतं, त्याची ऐंशी-नव्वद किलोमीटरवर टिंगल झाली. तेव्हापासून तो घरात तो विषय काढू देत नाही.

तरी नवसाबाईने आशा सोडली नव्हती. त्यांच्यात आईबापाची हळद राहिली असली आणि पोराचं लग्न निघालं, तर एकाच मांडवात आधी आईबापाचं लावतात, मग पोराचं. आणि आईची झाली नसेल तर तिला पोराच्या अंगाला हळद लावता येत नाही. म्हणजे कुंदनच्या लग्नात तिचं लग्न होणार, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. कुंदन नाही म्हणेल कसा? स्वतःच्या हळदीत आईचा हात नको का त्याला?

आता इथे आमच्या तृप्तीचं सांगितलं पाहिजे, कारण तिने नको तिथे नाक खुपसलं. तृप्ती माझी मुलगी, जर्मनीत असते. तिथे योनास नावाच्या मुलाबरोबर चार वर्षं एका घरात राहते. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. भावकीत मी सांगितलंय की ती मैत्रिणींबरोबर राहते. नवसाबाईला मात्र सगळं ठाऊक आहे, तृप्ती तिच्याच कडेवर वाढली. कुंदनचं लग्न ठरलं त्या आठवड्यात तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघी शेवंती खुडत होतो. नवसाबाईने फोन हातात घेऊन तिला तिच्या मनातलं सांगून टाकलं.

तृप्ती उसळलीच. ‘‘मावशी, तुला कशाला हवंय ते? योनासच्या आईवडिलांनी पण लग्न नाही केलं. तुझं मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, या बाई आपल्यापेक्षा किती मोकळ्या! तुला कुणाची परवानगी लागली नाही, आणि आता म्हातारपणी कुणाला दाखवायचंय?’’

‘‘परवानगीचं नाय गं बाई,’’ नवसाबाई म्हणाली. ‘‘परवानगी व्हतीच. माझं कौतुक नाय झालं.’’

‘‘पण ही सगळी बंधनंच आहेत ना. आम्हाला तर नकोच वाटतं.’’

‘‘तुला नको तर तू नको करू. तुला कोण बळंच करतंय? मला पायजे.’’

मग दोघी मिळून कुंदनने बायको कशी निवडली त्यावर बोलत बसल्या. मला मात्र त्या दोघींचाही राग आला. एक माझ्या पोटची, जिला हवं ते करता येतं आणि ती माझ्या दारात मांडव घालत नाही. दुसरीला मांडव हवाय तर पोरगा आड येतोय. आणि मी पाच दिवस मिरवलेली, फुलांची पाटी घेऊन मध्ये उभी.

कुंदनची होणारी बायको सविता त्यांच्याच समाजातली, पण देवळाली कॅम्पात वाढलेली. तिचे आजोबा छावणीत नोकरीला लागले तेव्हापासून ती माणसं शहरातली झाली. टापटीप घर, दारात तुळस, भिंतीवर घड्याळ. सविताची आई झुंबरबाई बोलायला नीटनेटकी, हसायला बेताची. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की आमच्याकडे सगळं रीतसर होतं, हॉलवर होतं. आणि कुंदन म्हणाला, आमच्याकडेही सगळं रीतसरच झालेलं आहे. नवसाबाई शेजारीच बसली होती. तिने चहाची बशी खाली ठेवली.

मी कुंदनला मळ्यात गाठला. म्हटलं, ‘‘तुझ्या आईची एवढी एक इच्छा आहे. हॉलवर नको तर आधी पाड्यावर जाऊन उरकून घ्या. कुणाला कळतंय?’’

‘‘पाड्यावर केलं तर मोबाइलवर सगळ्यांना कळतं, काकू. सविताकडच्यांना काय वाटेल?’’

‘‘काय वाटायचंय? तुझ्या आईने काही चोरी केली का?’’

त्याने माझ्याकडे बघितलं. पोरगा मर्यादेने बोलणारा आहे, पण त्या दिवशी बोलला. ‘‘तृप्तीताईचं तुम्ही तुमच्या भावकीत सांगितलंय का, काकू?’’

मी शेवंतीच्या वाफ्याकडे बघत राहिले आणि तो मोटारसायकल काढून निघून गेला. त्यानंतर मी त्याला काही बोलले नाही, बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

मग राहिला प्रश्न हळदीत आई हात का लावणार नाही याचा. मोतीरामने समजावून पाहिलं, कुंदनने विनवण्या केल्या, पण नवसाबाई त्या एका गोष्टीवर हलेना. खोटं बोलून पोराला हळद लावली तर त्याच्या संसाराला लागेल, असं तिला खरोखर वाटत होतं. शेवटी कुंदनने डोकं लढवलं. सासरी सांगून टाकलं की आईला हळदीची ॲलर्जी आहे, अंगावर पुरळ उठतं.

जिने आयुष्यभर हळदीची वाट पाहिली, तिला हळदीची ॲलर्जी. मला हसावं की रडावं कळेना. नवसाबाईला तो शब्द माहीत नव्हता. मी समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला सोसत नाय असं सांगितलं त्यानं?’’ आणि खुरपं घेऊन वाफ्यात जाऊन बसली.

हळद देवळालीकडच्या एका लॉन्सवर होती, दोन्हीकडची एकत्र. मोठा मंडप, डीजे, पिवळ्या कापडाचे पडदे, बायका पिवळ्या, पोरं पिवळी. नवसाबाईनेही ट्रंकेतली ती पिवळी साडी नेसली होती. झुंबरबाईंनी पाहुणचारात कसर ठेवली नाही. विहीणबाईंना त्रास नको म्हणून त्यांनी हळदीची परात मुद्दाम दूर हलवली. पोरांना दम दिला की त्या काकूंच्या जवळ कुणी हळद घेऊन जायचं नाही. आचाऱ्याला सांगून तिच्यासाठी बिनहळदीचा दहीभात वेगळा करून घेतला. सगळा मंडप एकमेकांना हळद फासत होता आणि मधोमध, भोवतालचं रान मोकळं सोडल्यासारखी नवसाबाई एका खुर्चीवर बसली होती, एकटी. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही लावा माझ्या पोराला. माझ्या नावानं लावू नका, तुमच्या नावानं लावा.’’

मी लावली. कुंदनने डोळे मिटून घेतले होते.

परत आले तर नवसाबाई खुर्चीवर नव्हती. स्वयंपाकाच्या तंबूमागे पाण्याच्या पिंपांपाशी ती होती, आणि मोतीराम तिच्यासमोर उभा. पोरांनी त्याला धरून पार माखून काढला होता. कानात, मिशीत, बंडीवर हळद. एरवी ज्याच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघत नाहीत तो माणूस हसत होता आणि दोन्ही पिवळे पंजे त्याने तिच्या गालांपाशी नेले होते.

‘‘मला लागली बघ. आता तुला लावतो. झाली आपली. कुणाला काय कळतंय?’’

मला वाटलं, ती गाल पुढे करणार. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण नवसाबाई एक पाऊल मागे सरकली.

‘‘अशी नको.’’

‘‘अगं, इतक्या वर्सांनी...’’

‘‘तुझ्याकडं आले तवा मी लपून आले व्हते का? सगळा पाडा बघत व्हता. आता हळद पिंपामागं लावून घेऊ? अशी नको मला.’’

मोतीरामचे हात तसेच वर राहिले. मग त्याने ते खाली घेतले आणि पिंपाच्या तोटीखाली धरले. हळद लवकर जात नाही. तो घासत राहिला, आणि नवसाबाई तिथल्याच एका उलट्या पातेल्यावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. इतक्या वर्षांत तिला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मी पुढे होणार तेवढ्यात दिसलं की तंबूच्या कडेला झुंबरबाई उभ्या आहेत, हातात दहीभाताचं ताट घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, संपलं, आता ही बाई मंडपात जाऊन बोभाटा करणार आणि कुंदनचं लग्न मोडणार. मोतीराम ओले हात तसेच घेऊन बाजूला झाला.

झुंबरबाई पुढे आल्या. नवीकोरी साडी नेसलेली बाई ओल्या जमिनीवर नवसाबाईच्या समोर बसली आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. ‘‘खाऊन घ्या,’’ म्हणाल्या. नवसाबाईने मान हलवली. डीजेचा आवाज तेवढा येत होता.

‘‘तुमची राहिलीय का?’’ झुंबरबाईंनी विचारलं. त्यांचं नीटनेटकं बोलणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक, अगदी डोंगरातल्यासारखं विचारलं त्यांनी.

नवसाबाईने पदर खाली घेतला आणि मानेनेच हो म्हटलं.

‘‘माझ्या आईची पण राहिली व्हती. वडील हिकडं कॅम्पात लागले, मग कोण करतंय. माझी हळद झाली तवा तिला ताप आलाय असं सांगितलं आम्ही लोकांना. ती तिकडं भिंतीला टेकून उभी व्हती. मी मधी बसलेले. मी तिच्याकडं बघितलंसुदीक नाय.’’ त्यांनी साडीच्या निऱ्या उगाच नीट केल्या. ‘‘परवाच्या वर्सी गेली. तशीच गेली.’’

नवसाबाईने भातात बोटं घातली आणि तो कालवत राहिली, एक घासही उचलला नाही. मंडपात कुंदनच्या अंगावर पाणी घालायची वेळ झाली होती, नवऱ्या मुलाच्या आईला बोलवा म्हणून कुणीतरी माइकवरून ओरडत होतं.

‘‘मला तशी नाय जायचं, झुंबरबाय,’’ ती म्हणाली.

झुंबरबाईंनी तिचा भाताने भरलेला हात धरला. माइकवर पुन्हा हाक आली, आणि दोघींपैकी कुणी उठलं नाही.